मेयर कोर्ट, मुंबई

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातलं मुंबई बेटावरचं दिवाणी कोर्ट. २४ सप्टेंबर १७२६ च्या पहिल्या जॉर्ज राजाच्या सनदेनं मद्रास, मुंबई आणि कलकत्ता अशा तिन्ही ठिकाणी म्युनिसिपल कॉर्पोरेशन आलं आणि त्याचे मेयर (नगराध्यक्ष) आणि आल्डरमन (कॉर्पोरेशनचे सदस्य) हेच कोर्टाचे न्यायाधीश झाले. मुंबईत कामकाज साधारण १७२८ पासून धरतात.

सुरुवात नक्की कुठून मानायची यावर मतं वेगळी आहेत. काहीजण थेट १६७२ पर्यंत मागे जातात, तेव्हा गव्हर्नर जेराल्ड आँजियरने जॉर्ज विलकॉक्सला न्यायाधीश नेमून कोर्ट उभं केलं होतं, पण १६८९-९० च्या सुमारास सिद्दी याकूतखानाने बेटावर हल्ला केला आणि ती व्यवस्था कोलमडली ती पुढे बरीच वर्षं तशीच. मग १७१८ मध्ये नवं कोर्ट निघालं, त्यात इंग्रजांबरोबर हिंदू, मुसलमान, पारशी आणि पोर्तुगीज ख्रिश्चन समाजाचे मिळून चार स्थानिक न्यायाधीश होते, त्यामुळे काही अभ्यासकांना खरा आरंभ इथेच वाटतो. हे आकर्षक आहे खरं, पण त्या चौघांचा दर्जा इंग्रज न्यायाधीशांपेक्षा खालचाच होता आणि मुख्य म्हणजे ही दोन्ही कोर्टं कंपनीने स्वतःच्या अधिकारात काढलेली. १७२६ चं कोर्ट मात्र राजाच्या सनदेचं, इथल्या निकालावरचं अपील शेवटी लंडनला राजाच्या कौन्सिलपर्यंत जाऊ शकायचं, म्हणून १७२६ हीच तारीख जास्त पटते.

नेमणुका अशा. एक मेयर आणि नऊ आल्डरमन, पैकी मेयर आणि सात आल्डरमन जन्माने ब्रिटिश प्रजाजनच हवेत, उरलेले दोन मित्र संस्थानांचे चालत. मेयर एका वर्षासाठी, आल्डरमन तहहयात. मेयरची निवड कॉर्पोरेशनच आल्डरमनमधून करायचं आणि आल्डरमनची जागा रिकामी झाली की ती मेयर आणि बाकीचे आल्डरमन मिळून रहिवाशांमधून भरायचे, म्हणजे गव्हर्नरला निवडीत बोट घालता येत नव्हतं. तिघं बसले की कोर्ट भरायचं, त्यात मेयर किंवा ज्येष्ठ आल्डरमन हवाच. कायदा शिकलेलं असायची अट कुणालाच नव्हती, बहुतेक जण कंपनीचे नोकर नाहीतर व्यापारी. शेरीफ मात्र दरवर्षी गव्हर्नर आणि कौन्सिल नेमायचे, समन्स बजावणं आणि वॉरंटवर माणूस पकडून आणणं ही त्याची कामं. फौजदारी खटले या कोर्टाकडे नव्हतेच. निकालावर चौदा दिवसांत गव्हर्नर-कौन्सिलकडे अपील, १००० पॅगोडांपर्यंत (पॅगोडा म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) तोच निर्णय शेवटचा, त्यापुढच्या रकमेला राजाच्या कौन्सिलकडे.

या स्वायत्ततेवरून लगेच वाजलं. १७३० मध्ये शिंपी जातीची एक बाई रोमन कॅथलिक झाली, तिचा मुलगा तिला सोडून नातेवाइकांकडे गेला, तेव्हा तिने मेयर कोर्टात दावा लावला आणि कोर्टाने मुलगा आईकडे द्यायला सांगितलं. जातीच्या प्रमुखांनी गव्हर्नरकडे तक्रार नेली, आणि धर्माच्या किंवा जातीच्या भांडणात तुम्हाला अधिकार नाही असं गव्हर्नर-कौन्सिलने कोर्टाला बजावलं. सनदेत याबद्दल स्पष्ट काही नव्हतं, म्हणून दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या.

उत्तर आलं ८ जानेवारी १७५३ च्या दुसऱ्या सनदेत, आणि ते गव्हर्नरच्या बाजूचं होतं. आता आल्डरमन गव्हर्नर-कौन्सिल नेमणार, मेयरपदासाठी कॉर्पोरेशनने फक्त दोन नावं सुचवायची. एतद्देशीय लोकांचे आपसातले दावे दोन्ही पक्ष राजी असतील तरच घ्यायचे. कोर्टाचं मोठं नुकसान झालं ते इथे, कारण गव्हर्नरने बसवलेला माणूस कंपनीविरुद्ध निकाल कितपत देणार?

१७९८ मध्ये मेयर कोर्टाच्या जागी रेकॉर्डर कोर्ट आलं. मेयर आणि तीन आल्डरमन बेंचवर राहिले, पण प्रमुख म्हणून बॅरिस्टर होऊन किमान पाच वर्षं झालेला रेकॉर्डर, पहिले सर विल्यम सायर. पुढे १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट, १८६२ मध्ये हायकोर्ट. १७५३ च्याच सनदेनं पाच पॅगोडांपर्यंतच्या किरकोळ दाव्यांसाठी कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स काढलं होतं, आजच्या मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टाचं मूळ त्यात सापडतं.