खानापूरची तांबडी माती आंबट कशी होत गेली

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली तांबडी माती मुळातच आंबट, म्हणजे आम्लधर्मी. कणकुंबी-जांबोटीकडचा धो धो पाऊस लाखो वर्षं तिच्यातला चुना धुऊन नेत आला. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. शेजारच्या चंदगडच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, याच झिजेतून बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचं खनिज तयार झालं, आणि बेळगावचा ॲल्युमिनियमचा कारखाना त्यावर चालला.

आपल्या आज्या-पणज्यांना सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितकी माती आंबट) हा शब्द माहीत नव्हता, पण तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकण्याआधी डहाळ्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायची रीत होती. राखेतल्या चुन्या-पोटॅशनं आंबटपणा तेवढ्यापुरता उतरायचा. अर्थात त्यासाठी झाडं ओरबाडली जायची, हेही खरं.

घडी विस्कटली ती हरितक्रांतीनंतर. आधी अमोनियम सल्फेट आलं, मग युरिया. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल सुटतं. पिकानं ते नायट्रेट उचललं तर निभावतं. आपल्याकडच्या पावसात ते कॅल्शियमला घेऊन ओढ्याला जातं आणि आम्ल शेतातच राहतं. युरियातून दिलेल्या 1 किलो नत्राचं (नायट्रोजनचं) आम्ल मारायला साधारण 1.8 किलो चुनखडी लागते, अमोनियम सल्फेटच्या बाबतीत 5 किलोंहून जास्त. 1992 साली स्फुरद-पालाशाच्या (फॉस्फरस-पोटॅशच्या) खतांवरचं नियंत्रण उठलं, त्यांचे दर भडकले. युरिया मात्र स्वस्तच राहिला. 2010 च्या अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान योजनेतूनही तो बाहेरच ठेवला. शेतकऱ्यानं युरियाचंच पोतं उचललं, यात त्याला दोष देणं मला पटत नाही.

सामू 5.5 च्या खाली घसरला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांना भिडतं. रोप उपटून पाहा: मुळं आखूड, जाडसर, तपकिरी, बारीक तंतू जवळपास नाहीतच. घातलेलं स्फुरद अडकून बसतं, गांडुळं कमी होतात. भातात हे लवकर कळत नाही, कारण साचलेल्या पाण्यात सामू वर सरकतो. भातामागून कडधान्य घ्या, मुळांवरच्या नत्र धरणाऱ्या गाठी मोजक्याच दिसतात.

जिल्ह्यातल्याच अथणी-रायबागकडचं दुखणं उलटं. तिथल्या काळ्या रानात चुनखडी आधीच भरपूर. उसाला पाणी जादा झालं की जमीन खारवट, चोपण (सोडियम साचून घट्ट) होते. तिथे चुना टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. म्हणून 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवरचा सामूचा आकडा आधी बघावा. आंबट रानात चुना पेरणीच्या महिनाभर आधी, ओलीवर मिसळावा, आणि युरियाबरोबर कधीच टाकू नये. नत्र अमोनिया होऊन उडून जातं.