बिघाड तसाच ठेवून केलेली दुरुस्ती

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने क्रिस्पर या डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्रावर आधारलेल्या जगातल्या पहिल्या औषधाला परवानगी दिली. औषधाचं नाव कॅसजेव्ही, आजार सिकलसेल. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं असणार: शास्त्रज्ञांनी जनुकातलं चुकलेलं अक्षर शोधलं, खोडलं आणि तिथे बरोबर अक्षर लिहिलं. चित्र छान आहे, फक्त तसं काही झालेलं नाही. या औषधाने सिकलसेलच्या बिघडलेल्या जनुकाला हातही लावलेला नाही. उपचारानंतर ज्याचे वेदनेचे झटके थांबले, त्याच्या पेशी तपासल्या तरी ते चुकीचं अक्षर जागच्या जागी सापडेल.

मग गुण कशाने आला?

मुळात चूक अगदी एवढीशी आहे. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. डीएनएचा मजकूर ए, टी, जी, सी या चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो; बीटा साखळीच्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ पडतो. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हा मणी यायचा, तिथे व्हॅलिन हा दुसराच मणी येऊन बसतो. व्हॅलिनला पाण्याचं वावडं. लाल पेशीने ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांबच लांब दांडे बनतात, आणि मऊ, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी नि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा.

पण हा आजार घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांना सुरुवातीचे काही महिने त्रास होत नाही. १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी यातली मेख ओळखली. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात, आणि गॅमाचं जनुक ठणठणीत असतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं काम थांबतं, बीटा सूत्रं हाती घेते आणि दुखणं सुरू होतं. काही मोजक्या लोकांमध्ये गॅमाचं काम जन्मभर चालूच राहतं. अशा माणसाला सिकलसेल झाला, तरी तो बराच सौम्य असतो. थोडक्यात, बदली खेळाडू प्रत्येक रुग्णापाशी पहिल्यापासून आहे, त्याला मैदानाबाहेर बसवलेलं आहे इतकंच. कोणी बसवलं, हे कळायला मात्र साठ वर्षं लागली.

जनुक असणं आणि जनुक चालू असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच, तरी दोघींची कामं वेगळी, कारण दोघींनी वेगवेगळी जनुकं उघडून ठेवलेली असतात. ही उघडझाप होते कशी, याचा पहिला नीट उलगडा पॅरिसच्या पाश्चर संस्थेत झाला. त्याची सुरुवात झाली होती ती एका साध्या आलेखातून. जाक मोनो ई. कोलाय जिवाणूंना ग्लुकोज आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज एकत्र देऊन वाढवत होते. जिवाणू भराभर वाढले. मग वाढ एकदम थबकली. आलेखाची रेघ काही काळ सपाट चालली आणि पुन्हा चढू लागली. जिवाणूंनी आधी सगळं ग्लुकोज संपवलं होतं, आणि त्या सपाट पट्ट्यात ते लॅक्टोज फोडणारी विकरं बनवत बसले होते. तोवर ती जवळजवळ बनतच नव्हती. जनुक होतं, पण बंद होतं.

१९६१ मध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी त्याचं गणित मांडलं. जनुकाच्या दाराशी एक प्रथिन ठाण मांडून बसतं आणि जनुक वाचू देत नाही. लॅक्टोज आलं की त्यापासून बनणारा एक रेणू त्या प्रथिनाला चिकटतो, त्याची पकड सुटते आणि दार उघडतं. १९६५ चं नोबेल पारितोषिक या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत मिळालं. जिवाणूच्या आहाराची ही बारीकशी गोष्ट पुढच्या सगळ्या जनुक-नियंत्रणाची बाराखडी ठरली.

माणसात प्रकरण बरंच गुंतागुंतीचं आहे. आपल्या डीएनएतली अक्षरं सुमारे ३०० कोटी, आणि प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २० हजार. प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर दोन टक्क्यांच्याही आत. उरलेल्या पसाऱ्याला एके काळी सरसकट अडगळ म्हणायचे. त्यात खरोखरची अडगळ भरपूर आहे, पण जनुकांची बटणंही तिथेच विखुरलेली आहेत, कधी कधी जनुकापासून फार लांब. मोठेपणी दूध पचणं हे याचं घरगुती उदाहरण. सस्तन प्राण्यांत अंगावरचं दूध सुटलं की लॅक्टोज पचवणारं जनुक मंदावतं. काही माणसांत ते मोठेपणीही चालू राहतं. अशा युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये याला कारणीभूत असलेला बदल त्या जनुकात नाहीच. तो सुमारे १४ हजार अक्षरं अलीकडे, शेजारच्या भलत्याच जनुकाच्या पोटात आहे.

आता हत्याराकडे वळू. १९८७ मध्ये जपानमध्ये योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांना ई. कोलायच्या डीएनएत एक मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा लिहिलेला दिसला. यालाच पुढे क्रिस्पर हे नाव पडलं. अर्थ लागेना. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांवर काम करत होते, त्यांनाही तेच दिसलं. त्यांनी वर्षानुवर्षं पिच्छा सोडला नाही. २००५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की त्या पुनरावृत्तींच्या मधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात. जिवाणूंनी जुन्या हल्लेखोरांच्या खुणा वहीत टिपून ठेवल्या होत्या! दही-चीजची विरजणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध केलं. त्यांना विरजणातले जिवाणू विषाणूंनी मरू नयेत एवढंच हवं होतं.

२०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी या यंत्रणेतलं कॅस-९ हे प्रथिन हव्या त्या जागी डीएनए कापण्यासाठी वापरता येतं, हे परीक्षानळीत दाखवलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघींना मिळालं.

या कॅस-९ ला सगळे ‘जनुकीय कात्री’ म्हणतात. नाव चुकीचं नाही, पण खरी करामत कापण्यात नाही, पत्ता शोधण्यात आहे. कॅस-९ सोबत आरएनएची, म्हणजे डीएनएच्या भावंडासारख्या रेणूची, एक चिठ्ठी घेऊन फिरतं, तिच्यावर २० अक्षरांचा पत्ता असतो. ३०० कोटी अक्षरांत २० अक्षरं शोधायची, तर प्रत्येक ठिकाणी डीएनए उसवून बघत बसणं परवडणारं नाही. म्हणून ते आधी फक्त लागोपाठ आलेले दोन ‘जी’ चाचपतं. ते सापडले की त्यांच्या बाजूचा पीळ थोडा उकलतं आणि चिठ्ठीशी एकेक अक्षर ताडून पाहतं. सुरुवातीची अक्षरं जुळली नाहीत की सोडून पुढे. जुळत गेली की पीळ आणखी उकलतो, आणि पूर्ण जुळलं की दोन्ही धागे कापले जातात. याआधीही झिंक फिंगर आणि टॅलेन नावाच्या कात्र्या होत्याच. पण तिथे प्रत्येक नव्या पत्त्यासाठी नवं प्रथिन घडवावं लागे. इथे चिठ्ठी बदलली की झालं.

कापल्यानंतर पेशी घाईघाईने टोकं जोडते, आणि या घाईच्या शिवणीत एखाद-दोन अक्षरं गळतात किंवा जास्तीची घुसतात. अमुक अक्षर बदलून तमुक लिहायचं असेल, तर ही शिवण कटकटीची. पण काहीतरी मोडायचं असेल तर याहून सोयीचं काही नाही. कॅसजेव्हीने नेमका याचाच फायदा घेतला.

गॅमाला बसवून ठेवणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-११-ए. २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने ते दाखवून दिलं. तेव्हा हे जनुकच मोडून टाकावं, हा विचार पहिला. पण तेच प्रथिन मेंदूच्या घडणीला लागतं, प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही लागतं. ते मोडणं म्हणजे एका खोलीतला दिवा घालवायला अख्ख्या घराची वीज तोडणं. सुटका झाली ती २०१३ मध्ये. बीसीएल-११-ए ला फक्त लाल पेशींच्या वंशात चालू ठेवणारं एक बटण त्याच जनुकाच्या आत, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात सापडलं. कॅसजेव्हीची कात्री तिथे चालते. बटण मोडतं, लाल पेशी घडताना बीसीएल-११-ए कमी पडतं आणि गॅमा पुन्हा खेळायला उतरते. सगळं काम दाबणाऱ्याला दाबण्याचं. मला तरी हा या साऱ्या कहाणीतला सगळ्यात देखणा डाव वाटतो.

अमेरिकेत मंजुरी देताना ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नव्हता. उपचार मात्र सोपा नाही. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी (स्टेम सेल) काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यावर कात्री चालवायची, दरम्यान तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करायची आणि मग त्या पेशी परत सोडायच्या. यात महिने जातात, आणि केमोथेरपीने मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते. अमेरिकेतली छापील किंमत २२ लाख डॉलर. ज्या मुलखांत सिकलसेलचे सर्वाधिक रुग्ण आहेत, तिथे हा आकडा वाचूनच लोक पान उलटतील.

बटणच फिरवायचं असेल, तर कापायचं तरी कशाला? हा प्रश्न संशोधकांना लवकरच पडला. २०१३ मध्ये कॅस-९ ची धार बोथट करून नुसता पत्ता शोधणारा अवतार वापरात आला. तो नेमक्या जागी जाऊन बसतो आणि कापत नाही. त्याच्या पाठीवर दुसरं प्रथिन लादलं की ते जनुक दाबता येतं किंवा चेतवता येतं. जाकोब आणि मोनो यांना जिवाणूत सापडलेला दारावरचा पहारेकरी आता हव्या त्या दारावर बसवता येऊ लागला.

या सगळ्या तऱ्हा शेजारी शेजारी पाहायच्या, तर पीसीएसके-९ हे जनुक घ्यावं. त्याचं प्रथिन यकृताची वाईट कोलेस्टेरॉल उचलण्याची क्षमता घटवतं. जन्मतःच ज्यांचं हे जनुक निकामी असतं, त्यांचं कोलेस्टेरॉल कमी असतं आणि हृदयविकारही क्वचित होतो. म्हणून ते गप्प करायला सगळेच टपलेले.

पहिली तऱ्हा निरोप फाडण्याची. जनुक वाचलं की त्याची आरएनए प्रत निघते, ती नष्ट करायची. या वाटेची चाहूल फुलांनी दिली. १९९० मध्ये पेटुनियाचा जांभळा रंग गडद करावा म्हणून रंगाचं जास्तीचं जनुक घातलं, तर काही फुलं चक्क पांढरी आली. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीवर काम करून त्यामागची यंत्रणा उलगडली, २००६ चं नोबेल घेतलं, आणि आज या तत्त्वावरचं, पीसीएसके-९ चे निरोप फाडणारं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षातून दोनदा घ्यावं लागतं. दोनदाच का होईना, घेत राहावं लागतं, कारण मूळ जनुक नवे निरोप काढतच राहतं.

दुसरी तऱ्हा अक्षर बदलण्याची. डेव्हिड लिउ यांच्या प्रयोगशाळेने २०१६ पासून अशी साधनं बनवली की दोन्ही धागे न कापता एका अक्षराचं दुसरं करता येतं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृताचा दुर्मीळ जन्मजात विकार असलेल्या एका बाळासाठी, फक्त त्याच्या चुकीपुरतं, असं औषध सुमारे सहा महिन्यांत बनवून दिलं गेलं. पीसीएसके-९ वरही ही तऱ्हा माणसांत आजमावली गेली आहे. ती कायमची, आणि म्हणूनच धाकधूक वाढवणारी. चुकून भलतीकडे अक्षर बदललं तर तेही कायमचंच.

तिसरी तऱ्हा झाकण घालण्याची. पेशी स्वतः जनुकं दीर्घकाळ बंद ठेवते ती डीएनएवर मिथाइल या चिमुकल्या रासायनिक गटाच्या खुणा चिकटवून, अक्षरं न बदलता. मिलानमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये उंदरांच्या यकृतात हेच करून पाहिलं. खुणा चिकटवणारी प्रथिनं थोडा वेळ कामाला लावली आणि ती विरून गेली. एकाच डोसाने पीसीएसके-९ जवळजवळ वर्षभर दबून राहिलं. मग या खुणा किती पक्क्या आहेत हे पाहायला त्यांनी यकृताला नव्याने वाढायला भाग पाडलं. पेशी दुभंगत गेल्या, यकृत भरून आलं. त्या नव्या पेशींना औषधाचा थेंबही मिळाला नव्हता, तरी त्यांच्यातही ते जनुक बंदच होतं.