भ्रमाला लागते घरची साथ

विली लोमन जिवाचं बरंवाईट करायच्या बेतात आहे, हे त्याच्या बायकोला कळून चुकलेलं असतं. तळघरात फ्यूजच्या पेटीमागे लपवलेली रबरी नळी लिंडाच्या हाती लागलेली असते. ती रोज नळी काढून ठेवते आणि तो घरी आला की पुन्हा होती तिथे नेऊन ठेवते. का, तर त्याचा अपमान नको! आर्थर मिलर यांच्या १९४९ मधल्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ नाटकातली ही नळी मला मानसशास्त्रातल्या कितीतरी व्याख्यांपेक्षा बोलकी वाटते.

विली स्वतःला नावाजलेला विक्रेता समजतो. प्रत्यक्षात शेजाऱ्याकडून उसने आणलेले डॉलर तो कमाई म्हणून बायकोपुढे ठेवतो. लिंडाला तेही माहीत असतं. मग हा माणूस खोटारडा की भाबडा?

क्वात्रोन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९८४ मधला एक प्रयोग इथे आठवतो. लोकांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावला. मग काहींना सांगितलं, व्यायामानंतर जास्त वेळ तग धरणाऱ्याचं हृदय निरोगी. काहींना नेमकं उलट. पुढच्या खेपेला ज्याला जे सोयीचं, तसाच त्याचा वेळ वाढला किंवा घटला. मुद्दाम केलंत का, असं विचारल्यावर बहुतेकांनी कानावर हात ठेवले. स्वतःला फसवायचं आणि त्याचा पत्ता स्वतःलाच लागू द्यायचा नाही, हे मनाला सहज जमतं.

पण असा भ्रम वर्षानुवर्षं टिकवायला माणसं लागतात. मानसशास्त्रज्ञ सोलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळा गट रेघेची लांबी मुद्दाम चुकीची सांगे, तेव्हा उरलेला एकटा माणूस साधारण तीनदा विचारल्यावर एकदा त्यांच्या सुरात सूर मिसळे. गटातला एक जरी खरं बोलला, तर या चुका चौथ्या हिश्श्यावर येत.

लोमनांच्या घरात असा एक बोलतो, पण फार उशिरा. या घरात दहा मिनिटंसुद्धा कुणी खरं बोललेलं नाही, असं थोरला बिफ ओरडतो. आम्ही नेहमी खरंच बोलत आलो, असं धाकटा हॅपी तिथल्या तिथे सांगतो! बिफ बापाला बिलगून रडतो.

न पटणारा पुरावा समोर आला, की माणूस पुष्कळदा समजूत सोडण्याऐवजी पुराव्याचाच अर्थ फिरवतो, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलं. विली तेच करतो. मुलाचे शब्द विरतात, अश्रू तेवढे उरतात: पोराचा माझ्यावर जीव आहे! आपल्यामागे विम्याचे २०,००० डॉलर हाती आल्यावर बिफ केवढा मोठा होईल, या आनंदात विली गाडी काढतो.