तीन मिनिटांतला राग : जुन्या रेकॉर्ड्स ऐकण्याआधी थोडी पार्श्वभूमी

अब्दुल करीम खाँसाहेब, केसरबाई केरकर, नारायणराव व्यास, सगळ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स आता घरबसल्या ऐकायला मिळतात, आणि नव्याने ऐकणारे बरेच जण एकच गोष्ट म्हणतात, की आवाज भारी आहे पण हे लोक इतक्या घाईत का गातायत, आलाप कुठाय, विलंबित म्हणजे संथ लयीतलं गाणं कुठाय, जरा रंगायला लागलं की संपलंच. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर गायकात कमी आणि यंत्रात जास्त सापडतं. त्या काळची दहा इंची तबकडी एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं चालायची, बारा इंची असेल तर चार-साडेचार, बस. जो माणूस मैफलीत एक राग तासभर सहज गायचा त्याला तेवढ्यात काय करायचं ते करायला लागायचं. मला वाटतं ही मर्यादा समजून घेतली ना, की ह्या रेकॉर्ड्स एकदम वेगळ्या ऐकू यायला लागतात.

सुरुवात होते १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग लंडनहून सामान घेऊन आला आणि त्याने तिथे गौहर जानला रेकॉर्ड केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असायचा, त्याच्या तोंडाशी जाऊन मोठ्याने गायचं, आवाजाच्या जोराने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. ती मेणाची तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे छापून झालेल्या रेकॉर्ड्स बोटीने परत इकडे यायच्या. गंमत म्हणजे रेकॉर्ड ज्या लाखेची बनायची ती लाख बरीचशी हिंदुस्थानातूनच तिकडे जायची. गौहर जान गाणं संपल्यावर इंग्रजीत ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणते ते ऐकून आज आपल्याला मजा वाटते, पण ते हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या लोकांना लेबल नीट लावता यावं म्हणून होतं असं सांगतात. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि मग हा सगळा द्राविडी प्राणायाम संपला.

पहिल्या दहा-बारा वर्षांत रेकॉर्डवर तवायफ आणि कलावंतीण घराण्यांतल्या बायका जास्त दिसतात, उस्ताद कमी. बरेच खाँसाहेब आणि बुवा ह्या यंत्रापासून लांबच राहिले. आवाज जाईल अशी भीती होती, आपली चीज, म्हणजे बंदिश, कुणीही उचलेल ही भीती होती, आणि बाजारात आपलं गाणं विकलं जाणं कमीपणाचं वाटायचं. ह्या बायकांनी मात्र ते नवं यंत्र हिमतीने स्वीकारलं आणि तीन मिनिटांत चीज मांडायची कशी ह्याचा साचा खरं तर त्यांनीच घडवला. मुखडा म्हणजे सुरुवातीची ओळ लगेच, अंतरा म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग लगेच, मग ताना आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, शेवट. आग्रेवाली जोहराबाईच्या रेकॉर्ड्स मुद्दाम ऐका, खणखणीत, जवळजवळ मर्दानी आवाज आणि तीन मिनिटांत अख्खा ख्याल. हिचं श्रेय फार कमी दिलं जातं आणि मला ते खरंच खटकतं.

जे लांब राहिले त्यांचं काय झालं? जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, म्हणजे रेकॉर्ड करायला चाळीसेक वर्षं हातात होती, पण त्यांची एकही रेकॉर्ड नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचीही नाही. महाराष्ट्राच्या गाण्यावर ज्यांचा एवढा ठसा, त्यांचे आवाज आपल्याला फक्त शिष्यांच्या गळ्यातून अंदाजाने ऐकायचे. रहिमत खाँच्या बाबतीत थोडक्यात वाचलो म्हणायचं. विष्णुपंत छत्रे ह्यांच्या सर्कशीबरोबर फिरलेला, शेवटी कुरुंदवाडला राहिलेला हा विलक्षण गवई, त्याच्या थोड्या रेकॉर्ड्स अगदी उतारवयात झाल्या. आवाज थकलेला आहे, कर्ण्याची खरखर आहे, तरी ‘जमुना के तीर’ ही भैरवी ऐकली की कळतं अब्दुल करीम खाँनी काय आणि कुठून घेतलं ते.

आता अब्दुल करीम खाँसाहेबांकडे येऊ, कारण यंत्र आणि आवाज ह्यांचा संबंध त्यांच्याइतका स्पष्ट कुठे दिसत नाही. त्यांनी १९०५ च्या सुमारालाच रेकॉर्ड्स केल्या होत्या, त्या कर्ण्यावरच्या, आणि त्यात आवाज लांबून, पातळ, काहीसा ताणलेला येतो. मग १९२५ नंतर मायक्रोफोनवरचं इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आलं. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने त्यांना रेकॉर्ड केलं आणि आज आपण ज्याला खाँसाहेबांचा आवाज म्हणतो तो हा, माइकमुळे पकडता आलेला. तो बारीक, नाकातून किंचित झिरपणारा, कुठेही धक्का न देता एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारा आवाज कर्ण्याच्या काळात पूर्ण उमटलाच नसता. जोगिया रागातलं ‘पिया मिलन की आस’ ऐका. त्यातला कोमल रिषभ कुठल्याही पेटीच्या पट्टीवर सापडणार नाही असा लावलाय, आणि ते काही आपोआप झालेलं नाही, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतींच्या, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, संशोधनात खाँसाहेब स्वतः गाऊन दाखवायचे, म्हणजे कान किती बारीक तयार होता बघा. त्यांनी कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृतीही रेकॉर्ड केली आहे, म्हैसूर-मद्रासकडे जाणं-येणं असलेला किराणा गावचा हा माणूस मिरजेत स्थायिक झाला आणि १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत एका रेल्वे स्टेशनवर वारला. कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि तिथे उरुसात अजून गवई हजेरी लावतात.

ह्याच खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ‘पिया बिन नाही आवत चैन’. लहानपणी भीमसेन जोशींनी ती रेकॉर्ड ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून पोरवयात घर सोडलं ही गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांना ओढून नेणारी पहिली गोष्ट तासाभराची मैफल नव्हती, तीन मिनिटांची तबकडी होती. म्हणजे त्या तीन मिनिटांना काटछाट केलेली मैफल म्हणणं चूक आहे, तो एक स्वतंत्र घाट होता आणि मोठ्या गायकांनी तो जाणूनबुजून कमावला. ह्या ठुमरीत एक जागा फुकट नाही. पहिल्या ओळीतच सगळी विरहाची अवस्था उभी राहते, पुढची दोन मिनिटं ती फक्त गडद होत जाते.

केसरबाईंचं उलटं. लहानपणी कोल्हापुरात त्या काही महिने अब्दुल करीम खाँकडेच शिकल्या होत्या, पण खरी तालीम अल्लादिया खाँची, १९२१ पासून ते जाईपर्यंत. आवाज असा की कर्णा असता तरी चालला असता. तिन्ही सप्तकांत सारखाच भरदार, आकार (‘आ’चा उच्चार) मोकळा, आणि दमसास एवढा की तान कुठे संपेल ह्याचा अंदाज चुकत राहतो. नट-कामोदातलं ‘नेवर बाजो रे’ हे माझ्या मते जयपूर गायकी समजून घ्यायला सगळ्यात चांगलं दार आहे. तीन मिनिटांत आलापाला जागा नाही म्हणून त्यांनी आलाप लयीतच विणलाय, प्रत्येक आवर्तनात, म्हणजे तालाच्या फेरीत, बढत होते (राग पुढे उलगडतो) आणि कुठेच घाई जाणवत नाही. रेडिओवर गायला मात्र त्या तयार नव्हत्या आणि रेकॉर्ड्सही मोजक्याच केल्या. त्या मोजक्यांतली एक भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची, १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर गेली. रॉबर्ट ब्राऊन ह्या अमेरिकन संगीत अभ्यासकाने ती सुचवली होती, पण रेकॉर्ड बाजारात मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. फोंड्याजवळच्या केरी गावातली ही बाई. गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या शाळकरी पुस्तकांत हे ठळक अक्षरांत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग एलपी आली, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी. अमेरिकेत १९४८ मध्ये निघाली, आपल्या संगीताला तिचा पहिला मोठा फायदा १९५५ मध्ये झाला, अली अकबर खाँनी न्यूयॉर्कमध्ये दोन राग रेकॉर्ड केले तेव्हा. आता एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली आणि सगळं गणितच बदललं. भारतात ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमीर खाँची १९६० ची एलपी, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा रागात पंचम (प) नाही, षड्ज (सा) मुद्दाम टाळत राहायचा, त्यामुळे पाय टेकायला जमीनच मिळत नाही, आणि अमीर खाँ ‘पिया मोरे अनत देस’ झूमरा तालाच्या अतिविलंबित लयीत मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातून इतक्या सावकाश उलगडतात की ऐकणाऱ्याला आपोआप गप्प बसावं लागतं. हा आवाज, ही लय, १९०२ मध्ये अशक्य होती. कर्ण्याला ती हळू, खालची कुजबुज पकडता आली नसती आणि दहा इंची तबकडी पहिल्या दोन-चार आवर्तनांतच संपली असती. म्हणजे अमीर खाँ घराघरांत पोचले ते त्यांच्या थोरवीमुळे हे तर आहेच, पण त्यांच्या गाण्याला मावेल एवढी तबकडी तोवर निघाली होती हेही तितकंच खरं आहे. त्या काळात एचएमव्ही ह्या रेकॉर्ड कंपनीत ग. ना. जोशींसारखा माणूस होता, स्वतः भावगीत गाणारा, गवयांची भाषा आणि लहरी दोन्ही कळणारा. अशा माणसांमुळे किती रेकॉर्डिंग्ज झाली ह्यावर अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

एक गोष्ट ऐकताना नक्की लक्षात ठेवा. जुन्या तबकड्या सगळ्याच काही मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या, सुरुवातीच्या काळात वेग बराच कमी-जास्त असायचा. आज कुणी त्या ७८ वर वाजवून डिजिटल केल्या की पट्टी चढते, लय वाढते, आणि आपण म्हणतो बाई किती चिरक्या आवाजात गातायत. त्यामुळे एकाच रेकॉर्डच्या दोन-तीन प्रती मिळत असतील तर शेजारी ठेवून ऐका, फरक लगेच कळतो. आणि ज्यांच्याकडे आजोबांच्या काळातल्या कुत्रा छाप (एचएमव्हीच्या) रेकॉर्ड्स अजून आहेत त्यांना एक कळकळीची विनंती, अपलोड करताना लेबलचा फोटो आणि रेकॉर्डचा नंबर जरूर टाका. नुसतं ‘दुर्मिळ भैरवी’ लिहून टाकलं तर पुढच्या माणसाला ती कधीची, कुठल्या कंपनीची आणि कर्ण्यावरची की माइकवरची हे शोधायला काहीच धागा उरत नाही.