चोडणच्या फेरीला विचारून क्रूझर घ्या

गेल्या पावसाळ्यात, चोडण बेटाला जाणारी फेरीबोट सुटते त्या रायबंदरच्या धक्क्यावर, माझ्या मित्राची क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची लांब, जड मोटारसायकल, आडवी झाली. वेग जवळजवळ शून्य. ओहोटीमुळे फेरीबोट खाली गेलेली, उतारावर गाळाचा बुळबुळीत थर. पुढचा टेम्पो थबकला म्हणून त्याने ब्रेक दाबला, पाय टेकवला, पाय सरकला आणि अडीचशे किलोच्या घरातली ती गाडी अगदी सावकाश, आदबीने म्हणावं तशी, कलंडली. शेजारच्या दोन बायकांनी आधी मासळीच्या पिशव्या उचलून घेतल्या आणि मग आम्हाला हात दिला. आदल्याच महिन्यात तो हीच गाडी घेऊन बेळगावला जाऊन आला होता. तेव्हा ओरखडाही आला नव्हता.

क्रूझर घेताना बहुतेक जण बेळगावचा विचार करतात. माझं म्हणणं, रायबंदरचा करावा.

हा गाडीप्रकार अमेरिकेतल्या लांबलचक, सरळ हमरस्त्यांवर रुजला. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम 105 किलोमीटर. उत्तर टोकाच्या पत्रादेवीहून निघालात तर अंग सैलावेपर्यंत दक्षिण टोकाचं पोळे येतं. इथे गाडीचा खरा वेळ जातो तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, गावातल्या चिऱ्याच्या गडग्यांमधल्या वळणांवर आणि फेरीच्या रांगेत. गाडी कलंडते तीही तिथेच. माझा मेकॅनिक म्हणतो, "पात्रांव, धावणारी गाडी स्वतःला सांभाळते, उभी गाडी तुम्ही सांभाळायची."

त्याचं म्हणणं आकड्यांत मांडून बघू. गाडी 191 किलोची धरू, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या मेटिऑर 350 या क्रूझरएवढी. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि तुमचे हात एक मीटर उंचीच्या हँडलवर आहेत असं समजू. गाडी 5 अंश कलली तर तिला धरून ठेवायला सुमारे 8 किलोचा जोर पुरतो, तो कुणालाही जमेल. 20 अंश कलली की तोच जोर 33 किलोंवर जातो. 241 किलोच्या सुपर मेटिऑर 650 ला 41 किलो लागतात, आणि तेही चिखलात एका पायावर उभं राहून. बुटक्या सीटचा फायदा नेमका इथे होतो. पूर्ण तळवा टेकतो आणि गाडी 5 अंशांतच सावरता येते. मात्र सीट बुटकी म्हणजे गाडी हलकी, असं समजू नका. सुपर मेटिऑरची सीट 740 मिलिमीटरवर, मेटिऑरची 765 वर. बुटकी आहे ती, पण 50 किलोंनी जडही तीच.

मग धावती गाडी स्वतःला कशी सांभाळते? पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांची, म्हणजे फोर्कची, तिरकी रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत ओढा. टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे ती पडेल. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीची चाकं ढकलल्यावर आपोआप मागे वळतात ना, तसंच ट्रेलमुळे पुढचं चाक सरळ राहू पाहतं. (तोल सावरण्याचं सगळं श्रेय ट्रेलचं नाही, फिरत्या चाकाचंही नाही. 2011 साली संशोधकांनी हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली एक छोटी सायकल बनवली, तरी ती ढकलल्यावर तोल सावरत गेली. वजन कुठे ठेवलंय यालाही महत्त्व असतं.) फोर्क जितका पुढे पसरलेला आणि दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी गाडी सरळ रस्त्यावर शांत. पण हळू चालवताना तेच चाक वळल्यावर आणखी वळायला बघतं, हँडल जड लागतं आणि यू-टर्नला अख्खा रस्ता पुरत नाही. चॉपर हे याचं टोक. हातभर लांब फोर्क लावून घ्यायचं मनात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे.

आता बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट. वळणावर गाडी किती कलवावी लागते ते वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतं, आणि वेगाचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो. 20 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 30 किलोमीटरला सुमारे 20 अंश पुरतात. ताशी 40 केलंत की 32 अंश. क्रूझरचे फूटरेस्ट साधारण तिशीच्या आसपास रस्त्याला खरवडू लागतात, म्हणजे दहा किलोमीटरच्या फरकात ठिणग्या. मागचा टायर रुंद असेल तर त्याच वळणाला आणखी थोडं कलवावं लागतं, म्हणून जास्त ताकदीच्या पॉवर क्रूझरचा तो रुबाबदार जाड टायर घाटात माझ्या तरी कामाचा नाही. पावसाळ्यात हे गणित बदलतं. 32 अंशांना टायर आणि रस्त्यामध्ये 0.6 च्या वर घर्षणगुणांक (म्हणजे पकडीचं माप) लागतो. लाल मातीचा ओघळ आलेल्या ओल्या डांबराकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. तिथे फूटरेस्ट घासायच्या आधी टायर सुटेल.

बसण्याची ढब हा दुसरा मोठा निकष, आणि शोरूममध्ये तोच सर्वांत फसवतो. पाय पुढे पसरून बसलं की पाच मिनिटं राजासारखं वाटतं. पण शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो आणि खड्डा आला तर पायांवर जोर देऊन किंचित उठता येत नाही. त्यात क्रूझरचे मागचे शॉकअप आखूड चालीचे, म्हणजे कमी दबणारे असतात. सुपर मेटिऑरमध्ये ही चाल 101 मिलिमीटर. उरलेला धक्का कुठे जाणार, तर कण्यात. शिवाय छाती वाऱ्याला उघडी. ताशी 50 वरून 100 वर गेलात तर वाऱ्याचा रेटा चौपट होतो आणि तो हात ताणून पेलावा लागतो. रोज डिचोली ते पणजी करणाऱ्याने फूटरेस्ट गुडघ्यांच्या जवळपास खाली असलेली गाडी बघावी. पाठ दुखत असेल तर हा मुद्दा पहिला.

बॉबर दिसायला देखणी, यात वाद नाही. मडगार्ड छाटलेले, सीट एकट्यापुरती. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये रॉयल एनफिल्डने याच धाटणीची 'गोअन क्लासिक 350' आणली, नावातच गोवा. मागची सीट काढता येते. आता रविवारी आईला मंगेशीला कोण नेणार, हे घरी आधी विचारून घ्या.

इंजिनाबद्दल मी कमी बोलतो, कारण लोक त्याबद्दल फार बोलतात. मेटिऑरच्या सिलिंडरचा व्यास 72 आणि पिस्टनची धाव 85.8 मिलिमीटर. लांब धावेमुळे टॉर्क (चाक फिरवणारा जोर) वाढतो असं नाक्यावर सांगतात, ते अर्धवट खरं आहे. लांब धावेचा पिस्टन फार वेगाने पळवता येत नाही, म्हणून असं इंजिन कमी फेऱ्यांसाठीच जुळवलेलं असतं. 27 न्यूटन-मीटरचा टॉर्क मिनिटाला 4000 फेऱ्यांवर हाती येतो. गर्दीत सारखा गिअर बदलायला नको, एवढं सुख पुरे.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर क्रोमचा मोह आवरा. क्रोमच्या थराला बारीक चिरा असतात, खारा वारा त्यांतून आत शिरतो आणि गंज खालून वर येतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

शोरूममध्ये टेस्ट राइड मागायच्या आधी एक करा. इंजिन बंद ठेवून, सीटवर बसून, गाडी थोड्या चढावर पायांनी मागे ढकला. सेल्समन हसेल, हसू द्या. मित्राला मी हे नंतर सुचवलं, तेव्हा तो गप्प बसला. गाडी त्याने विकलेली नाही. बेळगावला ती जाते, चोडणला बायकोची स्कूटर.