पार्श्वभूमी: स्टेलारिसमधल्या जमिनीवरच्या लढाया

स्टेलारिस हा अवकाशात साम्राज्य उभारण्याचा व्हिडिओ गेम. अशा खेळात ग्रह घ्यायचा तर कुणाला तरी खाली उतरावं लागतं, हे १९९३ च्या ‘मास्टर ऑफ ओरायन’ या गेममध्येही होतं. तिथे वेगळं सैन्य नव्हतं. आपलीच लोकसंख्या जहाजांत भरून पाठवायची. लढाईत जी उरेल ती त्या ग्रहाची नवी रहिवासी.

स्टेलारिस ९ मे २०१६ ला आला तेव्हा डिफेन्स आर्मी, म्हणजे ग्रहाचं रक्षण करणारी तुकडीसुद्धा एकेक करून विकत घ्यावी लागे. प्रत्येक आर्मीला एक अटॅचमेंट, म्हणजे तिची ताकद वाढवणारी जोड देता येई, तीही हातानेच. दहा-बारा ग्रह झाले की हे काम नकोसं होई. शिवाय उपयोग किती, हा प्रश्न होताच. मोठा ढीग उतरवला की काम झालं.

खरं वळण २२ फेब्रुवारी २०१८ च्या २.० आवृत्तीत आहे, आणि ते आर्मीच्या यादीत शोधून सापडत नाही. तोपर्यंत ताऱ्यांमधल्या प्रवासाचे तीन प्रकार होते: वाटेचं बंधन नसलेला वॉर्प, वर्महोल आणि ठरलेल्या वाटांनीच जाणारा हायपरलेन. २.० ने सगळ्यांना हायपरलेनवर आणलं. खेळाडूंचा संताप झाला. आवडीची खेळण्याची पद्धतच काढून घेतली, ही तक्रार रास्त होती. पण जमिनीवरच्या लढाईला अर्थ आला तो याच निर्णयामुळे. वॉर्पवाला ताफा तटबंदीचा ग्रह बाजूला टाकून थेट राजधानीवर जाई. मग सीमेवर सैन्य ठेवून काय साधणार? आता वाटा ठरलेल्या झाल्या आणि त्या वाटांवर नाकी बसवता आली. फोर्ट्रेस (किल्ल्याची इमारत) असलेल्या ग्रहावर एफटीएल इनहिबिटर, म्हणजे ताऱ्यांमधला प्रवास रोखणारी यंत्रणा असेल, तर त्या ताऱ्याच्या परिसरात शिरलेल्या ताफ्याला आला त्याच वाटेने परतता येतं, पुढे जाता येत नाही. स्टारबेस, म्हणजे तिथलं अवकाशातलं ठाणं पडलं तरी ग्रह पडेपर्यंत ही अडवणूक राहते. म्हणजे ट्रान्सपोर्ट, सैन्य वाहणारी जहाजं, आणावीच लागतात. घाटातला किल्ला घेतल्याशिवाय खाली फौज उतरत नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

त्याच आवृत्तीत अटॅचमेंट गेल्या, डिफेन्स आर्मी इमारतींमधून आपोआप मिळू लागल्या आणि कॉम्बॅट विड्थ आली. एका वेळी ठरावीक आर्मीच लढणार, बाकीच्या मागे थांबणार; त्यामुळे नुसत्या ढिगाची किंमत उतरली. अटॅचमेंट गेल्याचं मात्र वाईट वाटतं. त्या सोप्या करता आल्या असत्या, मुळापासून काढायची गरज नव्हती. त्याच दिवशीच्या ‘अपोकॅलिप्स’ विस्ताराने कोलोसस हे महाकाय जहाजही दिलं. ते ग्रहच फोडतं, किंवा कायमचा कवचात कोंडतं. सैन्याला महत्त्व आलं त्याच दिवशी त्याला वगळण्याची सोयही झाली.

डिसेंबर २०१८ च्या २.२ मध्ये टाइल, म्हणजे ग्रहावर इमारती बांधायचे चौकोन गेले आणि डिफेन्स आर्मी सोल्जर या नोकरीला जोडल्या गेल्या. इथे एक घोळ आहे. सोल्जर नेव्हल कपॅसिटी, म्हणजे ताफा किती मोठा ठेवता येईल ती मर्यादाही वाढवतो. म्हणून फोर्ट्रेस पुष्कळदा ताफ्यासाठी बांधला जातो आणि ग्रहाचं रक्षण जोडीला मिळतं. हे सैनिक दुसऱ्या कामाला लावले की डिफेन्स आर्मीही घटतात, हे नवख्यांच्या फार उशिरा लक्षात येतं.

२०२३ च्या अखेरीस जनरल आणि अ‍ॅडमिरल एकत्र होऊन कमांडर झाला. आता ताफा सांभाळणारा तोच, आणि आर्मी घेऊन ग्रहावर उतरणाराही तोच.