टाकणखाराच्या लाहीपासून ‘इन्ट्युमेस’पर्यंत

तोंड आलं की आजी टाकणखाराचा खडा तव्यावर टाकायची. खडा आधी पाझरायचा, मग बुडबुडत फुगायचा आणि बघता बघता पांढरी, पोकळ, हलकी लाही व्हायची. ती मधात खलून जिभेला लावत. तव्यावर जे घडतं, नेमक्या त्यासाठी इंग्रजीत एक क्रियापद आहे: ‘इन्ट्युमेस’. कोशात त्याचा अर्थ ‘सुजणे, फुगणे’ असा सापडतो, पण मला ‘लाही होणे’ हाच त्याचा खरा अर्थ वाटतो.

शब्द मूळचा लॅटिन. ‘तुमेरे’ म्हणजे फुगलेलं असणं. त्याला ‘-एस्केरे’ हा प्रत्यय लागला की क्रिया सुरू होते: ‘तुमेस्केरे’, फुगू लागणं. (‘अ‍ॅडोलेसन्ट’मध्येही तोच प्रत्यय आहे, वाढीला लागलेला तो.) पुढे ‘इन-’ जोडून ‘इन्तुमेस्केरे’ झालं. रोमन लोक ते पूर आलेल्या नदीला, खवळलेल्या समुद्राला आणि गर्वाने फुगलेल्या माणसालाही लावत. आपलं ‘फुगणं’ही असंच नदीपासून रुसव्यापर्यंत सगळीकडे चालतं.

‘तुमेरे’चं गोत मोठं आहे. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन वैद्यक-लेखकाने दाहाची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. त्यातल्या सुजेला त्याने वापरलेला शब्द ‘तुमोर’. आज ‘ट्यूमर’ म्हटलं की काळजात धस्स होतं, पण तेव्हा तो साध्या सुजेचा शब्द होता. थडग्यावर रचलेला मातीचा उंचवटा तो ‘तुमुलुस’. आणि गर्दीचा उसळलेला कल्लोळ तो ‘तुमुल्तुस’, इंग्रजी ‘ट्युमल्ट’. इथे मराठी कान टवकारायला हवेत. गीतेच्या पहिल्याच अध्यायात शंख-भेरी वाजतात तेव्हा ‘स शब्दस्तुमुलोऽभवत्’ असं येतं. संस्कृत ‘तुमुल’ आणि लॅटिन ‘तुमुल्तुस’ यांची तुलना मोनियर-विल्यम्सने आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशात केली आहे. आपलं ‘तुंबळ युद्ध’ त्याच ‘तुमुल’मधून आलं.

इंग्रजीत ‘इन्ट्युमेसन्स’ हे नाम सतराव्या शतकापासून आहे. क्रियापद नंतर रुळलं, आणि ते रुळायला खनिजशास्त्रज्ञ कारणीभूत झाले. ही मंडळी सोनारासारखी फुंकणी घेऊन दगडाच्या कणावर ज्योत सोडत आणि तो वितळतो की फुलतो हे पाहून त्याची ओळख पटवत. १७५६ साली स्वीडनच्या अ‍ॅक्सल क्रोनस्टेटने असाच एक दगड तापवला. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीकमधून त्याला नाव दिलं ‘झिओलाइट’, उकळणारा दगड. याच कुळातल्या स्कोलेसाइटचं नाव, १८१३ मधलं, अळीवरून आहे, कारण तापवला की तो अळीसारखा वळवळतो. हे दोन्ही आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत भरून आहेत. पुणे-नाशिककडच्या खाणींतले त्यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले दिसतात.

आज हा शब्द सर्वाधिक ऐकू येतो तो बांधकामात. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सियसला पोलादाची ताकद निम्म्यावर येते, म्हणून तुळयांना ‘इन्ट्युमेसन्ट’ रंग देतात. एरवी तो पातळ थर असतो. आग लागली की रंगातलं एक रसायन आम्ल सोडतं, दुसरं जळून कोळसा होतं, तिसरं वायू सोडून त्या कोळशाला फुलवतं. थर कितीतरी पट जाड होतो, आणि त्याच्या आड पोलाद उशिरा तापतं. तेवढ्या वेळात माणसं जिना उतरून बाहेर पडतात.